नकाशावर आलेली गल्ली

जपानमधल्या त्सुकुबातल्या आमच्या संशोधन संस्थेत माझं काम म्हणजे दिवसभर छपरं बघणं. दक्षिण चीनमधल्या एका अवाढव्य शहराचे उपग्रहातून घेतलेले फोटो संगणकात घालायचे आणि पावसाचं पाणी कुठे तुंबतं, गटाराचा पाईप कुठून न्यावा, याचा नकाशा करायचा. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण त्याच शहरातली. कामासाठी तिथे आलेल्या आईबापांबरोबर ती शहरानं गिळलेल्या एका खेड्यात वाढली. गावकऱ्यांनी परवानगी-बिरवानगीच्या भानगडीत न पडता घरांवर मजले चढवले आणि भाडेकरू भरले. घरं इतकी जवळ की समोरच्या खिडकीतून मीठ मागून घ्यावं.

तिची आई अजून तिथेच, तळमजल्यावर भाड्यानं एकटी राहायची. मोठा पाऊस झाला की गटाराचं पाणी उलटं घरात शिरायचं. आणि आमच्या नकाशात त्यांची गल्लीच नव्हती! छपराला छप्पर भिडलेलं, म्हणून संगणकानं सगळी वस्ती मिळून एकच इमारत धरलेली.

"राहू दे," मैत्रीण म्हणाली. आमचं बोलणं जपानीत, दोघींचंही यथातथाच. "दिसत नाही तेच बरं."

मला ते पटेना. मी पुण्याच्या कडेला गुंठेवारीत वाढले, टँकरमागे हंडा घेऊन धावले. आमची वस्ती महापालिकेच्या नकाशात आली, तेव्हाच नळ आला. "नकाशावरच नाही त्याला पाईप कोण देणार?" मी तिला रोज डोस पाजायला लागले. शेवटी ती कंटाळून हो म्हणाली.

एका दुपारी डबा खाताना तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी (मनातल्या मनात मी त्यांना काकूच म्हणायचे) शेजारणीच्या हाती फोन दिला आणि आम्हाला रुंदी कळावी म्हणून दोन्ही हात पसरून गल्लीतून चालायला लागल्या. कुठे तळवे भिंतींना टेकत, कुठे कोपरं दुमडावी लागत. मध्येच कुणाची तरी वाळत घातलेली चड्डी त्यांच्या तोंडावर आली आणि आम्ही खो खो हसलो. त्यावरून मी एकेक गल्ली नकाशात काढली. सेन्सेई, म्हणजे आमचे प्रोफेसर, नकाशा बघून "छान झालंय" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच. मी घरी जाताना कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, केक घेतला.

नकाशा त्या शहराच्या पालिकेकडे गेला आणि काही महिन्यांनी तिचं उत्तर आलं. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की खोदायचं यंत्र आत जाणार नाही, आगीचा बंबही नाही. तेव्हा वस्ती रिकामी करून तिथे पावसाचं पाणी साठवणारं तळं आणि बाग करायची. घरमालकांना मोबदला मिळणार होता. भाडेकरूंचा उल्लेखच नव्हता.

मी भडकले. सेन्सेईंसमोर तावातावानं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण नकाशा बरोबर आहे ना?"

बरोबरच होता.

मैत्रिणीनं आईला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. काकू बराच वेळ बोलत होत्या. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तुझ्या त्या भारतातल्या मैत्रिणीला विचार, पाण्याची सोय झाली, माझी कुठे केलीय?"

हे तिनं स्क्रीनकडे बघतच सांगितलं. मला खूप लाज वाटली.