वीस दिवस एकच आकडा

माझ्या नोकरीतली पहिली मोठी चूक मी लाल शाईनं केली, आणि ती अजूनही त्या धरणाच्या एका जुन्या रजिस्टरात असेल.

सिंचनाच्या खात्यात सब-इंजिनिअर म्हणून मी नवीनच लागले होते. आमचं मूळ गाव वर्ध्याकडचं, पण बाबा रेल्वेत असल्यामुळे आम्ही सगळे रायपूरचेच. घर ब्राह्मणपाऱ्यात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. धाकट्या भावाला तर मराठीत काही विचारलं की तो आजही हिंदीतच उत्तर देतो. माझी नेमणूक झाली रायपूरहून दोन तासांवरच्या एका मातीच्या धरणावर. सोमवारी बसनं जायचं, तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचं, शनिवारी परत.

मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतच असतं. ते भिंतीच्या पायथ्याशी एका नालीत गोळा होतं आणि नालीच्या तोंडाशी बसवलेल्या पत्र्याच्या खाचेतून खाली पडतं. खाचेत पाणी किती उंच आहे, ते रोज सकाळी पट्टीनं मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं. हे काम करणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले होते. शेजारच्याच गावचे. सगळे त्यांना कका म्हणत, म्हणजे काका. बोलणं फार कमी.

पहिल्याच आठवड्यात मी रजिस्टर उघडलं, तर वीस दिवस एकच आकडा. वरपासून खालपर्यंत, एकाच वळणाच्या अक्षरात. मला वाटलं, माणूस घरी बसून लिहितो आहे. मी लाल पेन काढला आणि समासात लिहिलं, ‘वीस दिन एक ही आँकड़ा कैसे? स्पष्टीकरण दें.’ एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण धरणाच्या चौकीवर चार माणसं बसलेली असताना मी त्यांना मोठ्यानं विचारलं, “घर बैठे लिखते हो क्या?”

ककांनी रजिस्टर हातात घेऊन लाल ओळ वाचली. मग म्हणाले, “मैडम, पानी ओतकेच हे, त ओतकेच लिखबो.” पाणी तेवढंच आहे, तर तेवढंच लिहिणार.

फोनला रेंज फक्त भिंतीच्या माथ्यावर मिळायची. संध्याकाळी मी तिथं चढून बाबांना फोन लावला आणि पराक्रम सांगितल्यासारखा सगळा किस्सा सांगितला. बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या केबिनमध्ये रजिस्टरं भरण्यात गेलेली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तू सोता पाहाले गेली होती का?”

“नाही.”

“मंग त्याच्यावर शाई काहून चालवली वं? उद्या सकाळी जा. पट्टी आपल्या हातात धर. एक दिवस नाही, आठ दिवस जा.”

मला राग आला, पण मी गेले. सकाळी सहाला कका खाचेपाशी हजर होते. आधी त्यांनी एका जुन्या ब्रशनं पत्र्यावरचं शेवाळ घासून काढलं, कारण शेवाळ राहिलं तर पाणी तुंबतं आणि आकडा खोटा येतो. मग थोडा वेळ थांबून, पाणी स्थिर झाल्यावर पट्टी लावली. आकडा तोच. शेवटी त्यांनी काचेची एक बाटली भरून सूर्याकडे धरली आणि बराच वेळ तिच्यात बघत राहिले.

“ये किसलिए?” मी विचारलं.

“आँकड़ा तो ठीक है मैडम. रंग भी देखना पड़ता है.”

आठही दिवस आकडा तोच आला. तलाव तेव्हा अर्धाच भरलेला होता आणि पाऊस ओढ देऊन होता. तलावाची पातळी हलली नाही, तर झिरपाही फारसा हलत नाही. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, आणि तरीही मला ते आठवलं नव्हतं. आठव्या दिवशी मी लाल ओळीखाली निळ्या शाईनं लिहिलं की मी स्वतः पाहिलं, आकडा बरोबर आहे, आणि सही केली. तोंडानं मात्र माफी मागितली नाही. धीर झाला नाही. ककांनी ते वाचलं, पान उलटलं आणि त्या दिवसाचा आकडा लिहिला.

त्यानंतरही मी सकाळी जात राहिले. पाऊस परत सुरू झाला, तलाव चढू लागला, तसा आकडाही रोज थोडा थोडा चढू लागला. बाटली धरायची पाळी कधी त्यांची, कधी माझी.

पोळा झाला आणि तीजा आली. आमच्याकडे हरतालिका, तशी छत्तीसगडमध्ये तीजा. इथे त्या दिवसांत लग्न झालेल्या बाया माहेरी जातात. त्यांना पोचवायला आणि आणायला गडीमाणसंही निघतात. त्यामुळे चौकीवर आम्ही तिघंच उरलो होतो. मी, कका आणि एक मिस्त्री. तलाव काठोकाठ भरलेला.

त्या सकाळी मला निघायला थोडा उशीर झाला. अर्ध्या वाटेवर कका समोरून येताना दिसले. ते कधी घाईनं चालत नसत. त्या दिवशी चालत होते.

“जल्दी आवव मैडम. पानी के रंग बदल गे हे.”

बाटली त्यांच्या हातातच होती. धुरकट, चहात दूध सांडल्यासारखं पाणी. खाचेजवळ पोचलो, तर आकडा आदल्या दिवसापेक्षा बराच चढलेला. नालीपासून दहा पावलांवर, गवतात, जमिनीतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं आणि त्याभोवती बारीक मातीचं कडं साचत होतं. नितळ पाणी झिरपलं तर धरण सुखरूप असतं. पाणी गढूळ झालं, म्हणजे ते भिंतीच्या पोटातली माती घेऊन बाहेर येतं आहे, आतून पोखरतं आहे. खाली दीड कोसावर ककांचं गाव होतं.

मी घाबरले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मिस्त्री धावत आला आणि म्हणाला, मुरूम आणतो, वरून दाबून टाकू, बंद होईल. कोणालाही तेच सुचेल. पण भोक वरून दाबलं, तर पाणी दुसरीकडून वाट काढतं, आणि ती वाट आपल्याला दिसत नाही. तिथे पाण्याला बाहेर येऊ द्यायचं आणि मातीला अडवायचं असतं. आधी जाडी रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, म्हणजे खडी, मग मोठी. मी “मुरूम नहीं” म्हणाले, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. मिस्त्रीनं ककांकडे बघितलं. मी नवीन पोट्टी, ते तीस वर्षांचे जुने.

कका म्हणाले, “मैडम जो कहे वही होही.”

मी भिंतीच्या माथ्यावर धावले. माझे वरिष्ठ, एसडीओ साहेब, रायपूरला मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या रिंगला त्यांनी उचललं. मी रंग सांगितला, उकळी सांगितली, काय करणार आहे ते सांगितलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. ते नागपूरचे, माझ्याशी मराठीतच बोलायचे. “कर सुरू. कालव्याचा दरवाजा पूर्ण उघड आणि तलाव उतरवाले लाग. खालच्या गावाले खबर दे. मी निघालोच.”

पण रेती कुठे? आमच्या साठ्यात भिंतीच्या उतारावर बसवायचे, पिचिंगचे मोठे दगड तेवढे होते. गावात पंचायतीच्या नव्या सभागृहासाठी रेती आणि गिट्टी येऊन पडली होती. सरपंच दीदी माहेरी गेलेल्या. मी त्यांना फोन लावला आणि नीट वाक्यही जुळवता आलं नाही. त्यांनी एकच विचारलं, “बाँध ला खतरा हे?”

“हो सकता है, दीदी.”

“त पूरा ले जाव. भवन बाद में बन जाही.”

कालव्याचा दरवाजा मिस्त्रीनं उघडला, आणि पुढच्या तासाभरात तीन ट्रॅक्टर आले. गावात दवंडी फिरली. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना शाळेच्या उंचवट्यावर हलवलं गेलं, आणि हातात फावडं धरू शकेल असा प्रत्येक माणूस पायथ्याशी आला. मी कुठे काय टाकायचं ते दाखवत होते. कका गुडघाभर चिखलात उभे राहून रेतीचे थर पायानं चापत होते, आणि दर थोड्या वेळानं खाचेशी जाऊन बाटली भरत होते. त्या गडबडीत त्यांनी मला पहिल्यांदा ‘मैडम’ सोडून हाक मारली. “नोनी, इहाँ अउ डाल!” नोनी म्हणजे पोरी. इथे अजून टाक.

साहेब दुपारी पोचले. गाडीतून उतरून चपलांसकट चिखलात आले, थर तपासले, दोन ठिकाणी गिट्टी वाढवायला लावली आणि म्हणाले, “ठीक केलं.” दिवसभरात एवढंच. चार वाजता सरपंच दीदी भावाच्या मोटरसायकलवरून आल्या. तीजेचा निर्जळी उपास होता त्यांचा. ओठ सुकलेले. त्या उभ्या राहून लोकांना पाणी वाटत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी नितळ झालं. आम्ही दोघांनी बाटली आळीपाळीनं धरून तीन-तीनदा बघितलं, कारण पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसेना. मी तिथेच ओल्या गवतात बसले आणि रडले. कका माझ्याकडे पाठ करून ब्रशनं पत्रा घासत उभे राहिले. पत्रा आधीच स्वच्छ होता.

“कका,” मी म्हणाले, “उस दिन मैंने सबके सामने गलत बोला था.”

“हव,” ते म्हणाले. “बोले तो रहे.” बोलली होतीस खरी. आणि ब्रश झटकून, “फेर आठ दिन आए घलो रहे.” पण मग आठ दिवस आलीसही.

प्रकरण तिथे संपलं नाही. तलाव बराच उतरवावा लागला, म्हणून उन्हाळी धानाला पाणी मिळणार नव्हतं. काही शेतकरी चौकीवर येऊन खूप बोलले. त्यांचं चूक नव्हतं. सरपंच दीदींनी सभा बोलावली आणि मला दोन बाटल्या आणायला सांगितल्या, एक त्या सकाळच्या जपून ठेवलेल्या पाण्याची, एक आताची. त्या बाटल्या हातोहात फिरल्या. बोलणं कमी झालं, राग पूर्ण गेला नाही. पण कालव्याचा दरवाजा उघडा ठेवायला कोणी अडवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात खात्यानं भिंतीच्या पायथ्याशी पक्का फिल्टर बांधला. तो आजही काम करतो आहे.

त्या आठवड्यात माझ्याकडून जे बरोबर झालं, ते मी एकटीनं केलेलं नव्हतं. बाबांनी मला पट्टी धरायला पाठवलं. ककांनी अपमान गिळून मला बघायला शिकवलं. साहेबांनी फोनवर एकदाही ‘तुला कसं कळलं?’ असं विचारलं नाही. आता मी रायपूरच्या ऑफिसात बसते. कित्येक धरणांचे आकडे मोबाईलवर येतात. पण माझ्या हाताखाली नवीन कोणी आलं की मला आधी या तिघांची आठवण येते, पुस्तकांची नंतर.

निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदासाठी कका एकदा रायपूरला आले. काम झाल्यावर म्हणाले, नातीचं लग्न आहे, गोल बाजारात भांडी बघायची आहेत. मी सुट्टी टाकली. धरणावर चार शब्द बोलणारा हा माणूस तिथे एका पितळी परातीसाठी अर्धा तास भांडला आणि जिंकला. जेवायला मी त्यांना घरी नेलं. आईनं झुणका आणि गरम भाकरी केली. कका आणि बाबा, दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच येत होती, पण चार वाजेपर्यंत दोघं ओसरीत बोलत बसले होते.

मी त्यांना बसवर सोडायला गेले. परात मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले होते. बस हलली तेव्हा म्हणाले, “ए बछर पानी बने गिरे हे, नोनी. एक बेर जाके देख आबे.” यंदा पाऊस चांगला झालाय, एकदा जाऊन बघून ये.

मी पुढच्याच रविवारी धरणावर गेले.