अर्ध्या मांडीवरची शर्यत

लोणावळ्यातल्या एका गेम पार्लरमध्ये मोटारींच्या शर्यतीचं जुनं मशीन अजून चालू आहे. लाल गाडी, समुद्राकाठचा रस्ता. टप्पा गाठला तर थोडा जास्त वेळ मिळतो, नाही गाठला तर खेळ खलास. आजकालच्या गेमपुढे त्यातली झाडं पुठ्ठ्याची वाटतात. पण शाळेत असताना या मशीनने मला जो माज दिला, तो पुढे कुठल्याही पदवीने दिला नाही.

परवा मी तिथे वडिलांना घेऊन गेले. आबांनी आंदर मावळात जन्मभर वडापची जीप चालवली, माणसं कोंबून. डाव्या डोळ्याने आता जवळजवळ दिसत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. जीप बंद करा म्हणून घरात रोज भांडण. आबांचं एकच, "डॉक्टरला काय ठावं? त्यानं कदी घाट चढवलाय व्हय?" शेवटी मी म्हटलं, या गाडीवर दाखवा. पहिला टप्पा पार केलात तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. बोलून गेले खरी, पण ते जिंकले तर काय, याचा विचारच केला नव्हता.

आबा सीटवर बसले ते अर्ध्या मांडीवर. वडापमध्ये ड्रायव्हरला चिकटून आणखी तिघं बसायचे, त्यामुळे अख्खी सीट त्यांना सवयीचीच नव्हती. मग हॉर्न शोधला. "हॉर्न न्हाई? वळणावर काय करायचं मग?"

गाडी सुटली. मागून निळी गाडी आली, तशी आबांनी उजवा हात बाहेर काढून तिला पुढे जायची खूण केली. हात थेट शेजारच्या पर्यटकाच्या मक्याच्या कणसावर. मी पोट धरून हसले.

"आबा, शर्यत आहे ही!"

"असू दे. त्याला घाई हाय, आपल्याला कुटं जायाचंय?"

उजवीकडच्या सगळ्यांना असा मान मिळाला. डावीकडच्या गाड्या मात्र त्यांनी एकेक करून ठोकल्या. पहिल्या दोन वेळा मला हसू आलं. मग डावीकडून एक भलामोठा ट्रक आला आणि आबा शांतपणे त्यात शिरले. लाल गाडी उलटली, गिरकी घेऊन पुन्हा सरळ उभी राहिली.

आबांनी स्टिअरिंग सोडलं. वेळ अजून शिल्लक होता.

"ह्यो कुटनं आला?"

"डावीकडून."

"मला दिसला न्हाई." त्यांनी पडद्यावरच्या लाल गाडीकडे बोट दाखवलं. "हितं गाडी आपली आपण उभी राहती. माज्या जीपला डाव्या अंगाला शाळेची पोरं लटकल्याली असत्यात."

मला हेच हवं होतं, आणि ते मिळाल्याचं फार वाईट वाटलं.

बाहेर आल्यावर आबा जीपच्या उजव्या दाराशी थांबले. मग वळसा घालून पलीकडे जाऊन बसले.

"चालव," म्हणाले. "मी बगतो, नुसतं बसाया जमतंय का."