दहा मिनिटं आणि दादाचा काळा

दहाव्याच्या जागी सातव्या मिनिटाला हाक मारली असती, तर दादा वाचला असता का?

हे मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. गॅरेजच्या मामांना विचारलं. त्यांनी तंबाखू मळायला घेतली. आईला विचारायचं धाडस झालं नाही.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. उद्यमनगरात मामांच्या गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा. चौतीस वर्षांचा होता. चार महिन्यांपूर्वी त्याच गॅरेजमध्ये, भरदिवसा, स्टुलावर बसल्या बसल्या गेला. तेव्हापासून जो येतो तो दादाचा एक किस्सा टाकून जातो. पंक्चरवाला येतो, टाकून जातो. थिनरचे डबे पोचवणारा येतो, टाकून जातो. गॅरेजच्या कोपऱ्यात तुटके बंपर साठतात तसे हे किस्से साठलेत. कुणी नेत नाही, टाकवत पण नाहीत. माझ्याकडचेही सांगून टाकतो. शाळा मी सातवीत सोडली, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

* * *

दादा काळ्याचा माणूस होता. पांढरी गाडी कुणीही रंगवेल. काळ्यावर धुळीचा एक कण बसला तरी लांबून दिसतो. म्हणून गावातल्या काळ्या गाड्या फिरून फिरून दादाकडेच यायच्या.

अठरावं लागल्यावर त्यानं मला गॅरेजात आणलं. पहिल्याच दिवशी मी बोलून बसलो, "काळा म्हणजे काळा. त्यात काय शिकायचं?"

दादानं डब्यांची सात झाकणं उन्हात मांडली. सगळी काळी. म्हणाला, "बघत बस."

बघता बघता माझे डोळे विस्फारले. एक झाकण निळं पडायला लागलं! एक तांबूस. एक हिरवट, शेवाळलेल्या विहिरीसारखं. एकात चांदीचे कण चमकायला लागले. एक तर इतकं मठ्ठ, की त्याच्यावर पडलेलं ऊन परतच येत नव्हतं.

"आता सांग बारक्या, ह्यातला खरा काळा कुठला?"

मी नीट निरखून सगळ्यात काळ्यावर बोट दाखवलं.

"ते झाकण न्हाय," दादा म्हणाला, "डब्याची सावली हाय!"

* * *

एकदा गगनबावड्याकडचे एक दूधवाले पाहुणे जुनी जीप घेऊन आले. "आमच्या म्हशीवानी काळा पायजे."

दादा सवयीनं बोलून गेला, "सँपल आणा की." हे तो सगळ्यांनाच सांगायचा. लोक आरशाचं कव्हर आणायचे, नाहीतर पेट्रोलच्या टाकीचं झाकण.

दुसऱ्या दिवशी गेटात टेम्पो थांबला. फळी टाकली. आणि म्हैस उतरली! धुऊन, घासून, अगदी लग्नाला निघाल्यासारखी. माझ्या हातातला चहा सांडला. मामा आतून ओरडत आले, "आरं ही काय भानगड?"

पाहुणे शांत. "सँपल."

सगळं गॅरेज पोट धरून हसत होतं. दादा एकटा हसला नाही. त्यानं म्हशीला उन्हात नेलं, वाकून तिच्या पाठीवर तिरपी नजर टाकली आणि म्हणाला, "मामा, हिच्यात तांबूस हाय." मग काळ्यात दोन थेंब तांबडा, परत एक थेंब, असं करत तीन झाकणं रंगवली आणि वाळवून तिच्या पाठीवर ठेवली. दोन झाकणं दिसली. तिसरं दिसेनासंच झालं!

आठवड्यानं पाहुणे जीप न्यायला आले. दोन चकरा मारून बघितली, हात फिरवला.

"जमलंय. उरला आसंल तर तिच्या शिंगास्नीबी एक हात मारा की!"

* * *

शिवाजी पेठेतलं एक फुटबॉल खेळणारं पोरगं. त्याला मॅट काळा पाहिजे होता. मॅट म्हणजे अजिबात चकाकी नसलेला. दादानं चार दिवस खपून गाडी केली. पोरगं खूश होऊन घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील दारात. जुने तालमीतले, दार भरून टाकणारे. "आर्धं काम करून गाडी दिलीसा व्हय? चकाकी कुठाय?"

"काका, हे आसंच आसतंय. फॅशन हाय."

काका बडबडत गेले. आठ दिवसांनी पोरगं गाडी घेऊन आलं ते रडकुंडीला येऊन. बॉनेट बघून मी हबकलोच. गजकर्ण उठल्यासारखे चकचकीत डाग! मागून काका आले, मान खाली घालून.

"सुकल्यावानी दिसत हुती वो. रविवारी जरा खोबरेल लावून रगडली."

मॅटवर पॉलिश चालत नाही. खोबरेल तर नाहीच. अख्खं बॉनेट परत घासून परत रंगवावं लागलं. जाताना काका कळवळून म्हणाले, "आरं मग हिचं लाड करायचं तरी कसं?"

"लांबनं!" दादा म्हणाला.

* * *

हा किस्सा माझा आहे आणि मला त्याची लाज वाटते.

रंगाचा एक हात मारला की दुसरा मारण्याआधी दहा मिनिटं थांबायचं, हा दादाचा नियम. घाई केली तर खालचं थिनर आत कोंडतं आणि दोन दिवसांनी रंगाला फोड येतात. तेवढी दहा मिनिटं दादा हिरव्या स्टुलावर भिंतीला टेकून डोळे मिटायचा. मला मात्र दोन मिनिटं बसवत नाही. लहानपणापासूनच.

एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं बॉनेट होतं. वाळलंय का बघावं म्हणून चौथ्या मिनिटाला मी हात लावला. अंगठा उमटला. रेषांसकट!

दादानं सगळ्यांना बोलावलं. "आंगठं दाखवा." पाचजणांनी दाखवले. मी तोवर हात खिशात घातला होता.

"शाळंत सही शिकला न्हाईस," दादा म्हणाला, "आन् हितं आंगठा देऊन मोकळा झालास व्हय!"

महिनाभर सगळे मला सहीला बोलवत होते. पण दादानं त्याच दिवशी स्वतःच्या मनगटातलं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं. "आजपासनं तुझं काम येवढंच. धा मिंटं मोजायची आन् मला हाक मारायची. नऊ न्हाय, अकरा न्हाय."

चार वर्षं मी तेच केलं. "दादा, धा झाली!" डोळे न उघडता त्याचं उत्तर ठरलेलं, "आजून एक." मग मी एक मिनिट तसाच उभा. मग तो उठायचा.

* * *

शेजारी कटिंगचं दुकान आहे. एकदा लाइट गेली. गिऱ्हाईकाची अर्धी दाढी झालेली, दुकानात अंधार. नेमकी त्याच वेळी दादानं पॉलिश केलेली काळी गाडी बाहेर उन्हात उभी होती. त्यात मिशीचा केस न् केस दिसत होता.

गाडीचा मालक गाडी न्यायला आला, तर त्याच्या बॉनेटसमोर एक माणूस फेस लावून वाकलेला आणि शेजारी वस्तरा घेऊन आमचा कटिंगवाला! आम्हाला वाटलं, आता हाणामारी.

मालकानं बॉनेटमध्ये वाकून बघितलं. स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

"ह्यांचं झालं की माजीबी करून टाका."

* * *

नेसरीकडचे एक अण्णा आहेत. खत-बियाण्याचं दुकान. त्यांनी काळी गाडी घेतली आणि त्यांच्या आईनं, अव्वांनी, तिच्यात बसायला साफ नकार दिला. काळ्या गाडीतून देवाला जायचं नाही, लग्नाला जायचं नाही, दवाखान्यात तर नाहीच नाही. अण्णा दादाकडे आले. "गाडी मला काळीच पायजे. आन् अव्वा बसली पायजे."

दादानं गाडी ठेवून घेतली. काळ्यात उन्हात मोत्यासारखी चमकणारी निळी पूड घातली आणि अव्वांना बरोबर भर दुपारी बोलावलं.

"अव्वा, ह्यो कुठला रंग?"

अव्वांनी कपाळावर हात धरून बघितलं. "निळा हाय की रं!"

"मग बसा."

बसल्या! संध्याकाळी घरी उतरून बघतात तर गाडी काळीकुट्ट. लगेच दादाला फोन. आरडाओरडा आम्हाला इकडे ऐकू येत होता.

"अव्वा, ऊन गेलं की त्यो झोपतोय," दादा म्हणाला. "सकाळी उठतोय बघा."

पुढच्या वेळी अण्णा कपाळ बडवत आले. "काय करून ठेवलंस लेका! आता ढगाळ आसलं की म्हातारी लग्नालाबी येत न्हाई!"

* * *

चार महिन्यांपूर्वी तीच गाडी परत आली. उसाच्या ट्रॉलीनं डावी दोन्ही दारं खरवडली होती.

सकाळी दादा म्हणाला, छातीत जळजळतंय. मी म्हटलं, कालचा रस्सा बाधला. दोघंही हसलो. अकराच्या सुमाराला त्यानं दोन्ही दारांना पहिला हात मारला, रंग फवारायची गन ठेवली आणि स्टुलावर बसला.

"बारक्या, धा."

सातव्या मिनिटाला त्याची मान कलली. मी बघितलं. झोप लागली असं वाटलं. आदल्या आठवड्यात नवव्या मिनिटाला हाक मारली म्हणून त्यानं मला सगळ्यांसमोर झापलं होतं. ज्याला जन्मात दोन मिनिटं बसवलं नाही, तो मी त्या दिवशी पुरी दहा मिनिटं थांबलो.

"दादा, धा झाली!"

उत्तर आलं नाही. त्याचं ते एक मिनिट मी माझ्या मनानं त्याला दिलं. घड्याळ बघत उभा राहिलो. मग हात लावला.

पुढचं मला आठवत नाही. रिक्षा कुणी आणली, आईला कुणी सांगितलं, काही नाही. एवढंच आठवतं, की ओल्या दारावर एक चिलट चिकटलं होतं आणि मी म्हणत होतो, दादा आता शिव्या घालणार.

* * *

तेरावा झाला. गाडी तशीच उभी होती, एका हातावर.

मामा म्हणाले, "लई दिस गेलं बारक्या. आता त्याच्यावर दुसरा हात धरणार न्हाय. आदी घासाय लागतंय." घासकाम गॅरेजात पहिल्यापासून माझंच. रंगाला बाहेरचा पेंटर बोलवायचं ठरलं होतं.

त्या दिवशी अण्णा अव्वांना घेऊन आले. "गाडीची घाई न्हाय," एवढंच सांगायला. अव्वा सरळ गाडीपाशी गेल्या. दारावर बोटं टेकवली.

"ह्यो आर्धा त्यानं केलाय?"

"व्हय."

"आन् उरल्याला?"

"बाहेरचा माणूस येतोय," मामा म्हणाले.

अव्वांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यो कोण?"

"त्याचा भाऊ."

"भाऊ आसताना बाहेरचा कशाला?"

"मी मारतो!" मी बोलून बसलो. गिऱ्हाईकाच्या गाडीवर गन मी कधीच धरली नव्हती. झाकणांवर तेवढी.

मामा हळू आवाजात म्हणाले, "काळा हाय बारक्या. काळा माफ करत न्हाय."

पण नाही म्हणाले नाहीत.

मी वॉटर पेपर घेतला, बादली घेतली आणि दादाचा शेवटचा हात घासायला बसलो. आधी ते चिलट काढलं. मग हळू, अगदी वरवर. फरशीवरून काळं पाणी वाहत होतं, आणि ते गटारीपर्यंत जाऊ नये असं मला वाटत होतं. दोन दारांना सगळी सकाळ गेली, अण्णा-अव्वा तोवर तिथंच बसून होते. दार पुसलं, वाळू दिलं. मग दादानं मिसळून ठेवलेला डबा उघडला, ढवळला, गाळला, गनमध्ये भरला. वरच्या कडेपासून सुरुवात केली.

माझा पहिला हात पुरा झाला. कॉम्प्रेसर बंद केला. गॅरेज एकदम शांत झालं. पाचही जण कामं सोडून उभे होते. कटिंगवाला दारात आला होता, हातात कंगवा तसाच.

हिरव्या स्टुलावर मी बसलो नाही. त्याच्याशेजारी खाली फरशीवर बसलो आणि घड्याळ बघत राहिलो. हलू वाटलं, हललो नाही. चार झाली. सात झाली. सातव्याला मी स्टुलाकडे बघितलं. मग परत घड्याळाकडे.

दहा झाली.

मी उभा राहिलो आणि रोज मारायचो तशीच, मोठ्यानं हाक मारली, "दादा, धा झाली!"

मामांच्या तळहातावरची तंबाखू खाली सांडली. अव्वांनी पदर डोक्यावर घेतला.

मी आणखी एक मिनिट थांबलो. मग गन उचलली.