ओव्हाळ सिस्टरांच्या अकरा कुंड्या

ताईबाई ओव्हाळ सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन निमोण्याला परतल्या, तेव्हा शेजारपाजारच्या बायकांना वाटलं, आता ह्या दुपारच्या जरा आडव्या होतील. पण ताईबाईंनी ओसरीवर कुंड्या मांडायला घेतल्या.

तेहेतीस वर्षं त्या उपकेंद्रावर नर्स होत्या, शेवटची चौदा केंदूरला. तिथंच क्वार्टरच्या मागं त्यांना परदेशी फुलांच्या कंदांचा नाद लागला. आधी मे महिन्यात चेंडूसारखी फुटणारी तांबडी लिली, मग मेक्सिकोची मखमली स्प्रेकेलिया, मग टपालानं कालिम्पाँगहून येणारी काय काय खोकी. निमोण्यात सगळे कांदा पिकवणारे. शेजारच्या वच्छलाबाई म्हणायच्या, "लोक कांदं इकत्यात, आमच्या सिस्टर कांद्याला झोपवत्यात आन् उठवत्यात."

ते खरंच होतं. कंदाला कधी पाणी तोडून झोपवायचं आणि कधी जागं करायचं, हेच तर त्यांनी इतक्या वर्षांत शिकून घेतलं होतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत त्यांच्याकडं पॅपिलिओ फुलली. ही ब्राझीलची अमॅरिलिस. फिक्या हिरवट पाकळ्यांवर गर्द किरमिजी रेघा, जणू पतंगाचे पंखच. ताईबाई दोन दिवस तिच्यासमोर बसून होत्या. अंगणात त्यांच्या सासूनं लावलेली गावठी लिली होती, तांबड्यावर पांढरी रेघ असलेली. उन्हातान्हात, दुष्काळात, कशातही न मरणारी. त्यांच्या मनात आलं, ह्या दोघींचं एक फूल करायचं.

फोनवर कंदवाल्यांचा एक ग्रुप होता. तिथं त्यांनी विचारलं. ग्रुपमधले जाणते म्हणजे पुण्याचे रविराज सर, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी लिहिलं, "गावठीचा रंग फार जोरकस असतो. चार वर्षं वाट पाहाल आणि शेवटी तांबडंच फूल पाहाल."

चार वर्षं ऐकून ताईबाईंना काहीच वाटलं नाही. पोलिओच्या डोसासाठी काही काही दारं त्यांनी याहून जास्त वर्षं वाजवली होती.

अडचण वेगळीच होती. पॅपिलिओ फेब्रुवारीत फुलली आणि गावठी उमलणार एप्रिलात. तोवर पराग जिवंत ठेवायला हवा. त्यांनी पिवळी भुकटी छोट्या डबीत झटकली आणि घरच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर लावून ठेवली. लशी सांभाळण्यात जन्म गेलेली बाई. सकाळ-संध्याकाळ आकडा बघायची. एप्रिलात वादळ झालं, खांब पडले, गावाची वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पारा चढायला लागला तशी त्यांनी डबी बर्फात घालून थेट दूध डेअरी गाठली. तिथं जनरेटर होता.

"बबनराव, एवढी डबी तुमच्या फ्रिजात ठेवा. तीन दिस लागतील."

"औषध हाय का, सिस्टर?"

"न्हाई. फुलाचे पराग हायेत."

बबनरावांच्या दोन्ही मुली ताईबाईंच्या हातावर जन्मल्या होत्या. त्यांनी लगेच दह्याचा डबा सरकवून जागा केली.

आठवड्यानं गावठी उमलली. ताईबाईंनी ब्रशच्या टोकानं पराग लावले आणि खुणेला दांड्याला दोरा बांधला. फूल वाळलं, बोंड धरलं, दीड महिन्यानं तडकलं. आत जळक्या कागदासारखं काळं, पातळ बी. ते त्यांनी परातीतल्या पाण्यावर तरंगत ठेवलं. त्रेसष्ट बिया रुजल्या.

दुसऱ्या पावसाळ्यात घाला पडला. मुलगा महेंद्र कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला, सून तेजश्री तापानं पडलेली, म्हणून ताईबाई चार दिवस दौंडकडं गेल्या. परत येऊन बघतात तर रोपांना पानच नाही. काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्यांनी सगळं मातीपर्यंत कुरतडलं होतं. त्यांनी एकेक अळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकली. मग पायरीवर बसून कुंड्यांतली माती बोटानं चाचपू लागल्या.

वच्छलाबाई म्हणाल्या, "आता टाका उकरून. कोथिंबीर लावा."

"वरचं गेलंय, वच्छलाबाई. खालचा कंद हाय अजून."

त्यांनी सगळ्या कुंड्या आत घेतल्या आणि पाणी तोडलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि ह्या बाईनं रोपं कोरडी ठेवली होती. बरेचसे कंद तरीही सडले. पण पंचवीस दिवसांनी एका कुंडीत हिरवं टोक दिसलं, मग दुसरीत. शेवटी अकरा उरल्या.

चौथ्या वर्षी मार्चमध्ये पाचव्या नंबरच्या कुंडीत दांडा वर आला. सकाळी कळी फुटली तेव्हा ताईबाईंच्या हातातला चहा तसाच निवला. फूल तांबडं नव्हतं. मध्यातून फिका हिरवा रंग, त्यावर पॅपिलिओच्या किरमिजी रेघा, आणि पाकळ्यांच्या कडांना गावठीचा तांबडा, अगदी आत्ताच लावल्यासारखा ओला.

त्याच रविवारी पुण्यात ग्रुपचा मेळावा होता. ताईबाई कुंडी मांडीवर घेऊन एसटीत बसल्या. पुण्यापर्यंत हात हलवला नाही, की घोटभर पाणी प्यायल्या नाहीत.

हॉलमध्ये टेबलावर कुंड्यांच्या रांगा होत्या. रविराज सर बघत बघत आले आणि थांबले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले.

"हा कंद कुणाकडून घेतलात?"

"घेतला न्हाई, सर. घरचा हाय. तुम्ही तांबडंच यील म्हणाला व्हता."

सरांना आठवायला थोडा वेळ लागला. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी चुकलो, बाई." आणि त्यांनी स्वतः ती कुंडी उचलून मधल्या मोठ्या टेबलावर नेली. दुपारी सगळ्यांत सुंदर फुलासाठी मतं पडली. ताईबाईंच्या कुंडीच्या जवळपासही दुसरं कुणाचं फूल आलं नाही.

नोंद करणारी मुलगी वही घेऊन आली. "नाव काय लिहू?"

"ताईबाई."

"तुमचं नाही, मावशी. फुलाचं."

"फुलाचंच सांगते. तेहेतीस वर्षं समद्यांनी मला सिस्टर म्हणलं, माझं नाव कुणी घेतलंच न्हाई. आता घेतील."

मुलीनं ठळक अक्षरांत लिहिलं. ताईबाईंनी वही आपल्याकडं वळवून घेतली, दोन्ही 'ई' दीर्घ आहेत ना ते पाहिलं आणि मगच परत दिली.

पुढच्या आठवड्यात महेंद्र आणि तेजश्री निमोण्याला आले, तर ओसरीवर बायका दाटीनं बसलेल्या. उरलेल्या दहांपैकी सहा कुंड्या उमलल्या होत्या. एक जवळजवळ पांढरी, एक विटकरी, एकीच्या रेघा तुटक. एकही दुसरीसारखी नव्हती. वच्छलाबाई दोनदा सगळ्या रांगेवरून फिरल्या आणि विटकरीपाशी बसल्या.

"हिला पोर झालं की मला द्या, ताईबाई."

"देते. पर पाणी मी सांगंल तवाच घालायचं."