बाळाराम मुकादम आणि वालधुनीचा गाळ

आमचा बाळाराम मुकादम कोणालाच नावाने हाक मारायचा नाही. माणसाचं सगळ्यात दुखरं काय ते हुडकायचा आणि तेच नाव ठेवायचा. मी सातवीतून शाळा सोडून परभणीकडून आलो, म्हणून मी ‘सातवी’. माझा मावसभाऊ दत्ता पहिल्या दिवशी आईशी फोनवर बोलताना रडला, म्हणून तो ‘रड्या’.

बाळाराम मूळ बदलापूर गावचा. शेतावर बिल्डिंगी आल्या आणि हा ठेकेदाराकडे मुकादम झाला. पावसाळ्याआधी अंबरनाथ ते उल्हासनगर वालधुनी नदीतला आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांतला गाळ काढायचा, हे आमचं काम. कारखान्यांचं, जीन्स धुण्याचं, संडासांचं पाणी वर्षानुवर्षं मुरलेला तो गाळ डांबरासारखा काळा. फावडं घातलं की बुडबुडे फुटायचे आणि सडक्या अंड्यांचा वास डोक्यात चढायचा. माझ्या कमरेचा चांदीचा करदोडा आठवड्यात काळाठिक्कर पडला. आईने दिलेला, म्हणून मी तो घासत बसलो होतो. मुकादम म्हणाला, “घास, घास. तुमच्याकडची चांदी पण दुष्काळी.”

त्याचा एक कायदा मात्र कडक होता. नाल्यावर जिथे स्लॅब आहे तिथे आत शिरायचं नाही, आधी वरच्या फरशा काढून हवा खेळू द्यायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, “तुला काय मास्तर पायजे? आत गेलास तर तंगडी तोडीन. झालं शिक्षण.”

त्या दिवशी उल्हासनगरला कॅम्पातल्या बाजारामागे काम होतं. दत्ता स्लॅबच्या तोंडाशी गाळ ओढत होता आणि त्याचं घमेलं घसरून आत गेलं. सकाळपासून वासाने त्याचं डोकं दुखत होतं. एकदम खुशीत म्हणाला, “आता वास येईना रे. गेला वाटतं सगळा.” आणि वाकून आत शिरला. दोन पावलांत तोंडावर आपटला. हाक नाही, काही नाही.

मी धावलो. काठावर पोचलो तोच मुकादमाच्या फावड्याचा दांडा नडगीवर बसला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तसाच सरपटत निघालो, तर तो माझ्या छातीवर बसला आणि बाकीच्यांवर फावडं उगारून राहिला.

“भाऊ आहे माझा,” मी म्हणालो.

“होता,” तो म्हणाला.

अग्निशमनवाल्यांनी मास्क लावून दत्ताला बाहेर काढलं. पोलिसांना मुकादमाने सांगितलं, पोरगा पिऊन पडला. दत्ता कधी चहासुद्धा पुरा प्यायचा नाही.

दवाखान्यात मुकादम केळी घेऊन आला आणि त्यातली दोन स्वतःच खाल्ली. खाता खाता म्हणाला, “वास येतोय तवर नाक जितं. गॅस वाढला की आधी नाक मरतं, मग मानूस. गॅस कुठं जात नाय.” हे आधी का नाही सांगितलं, मी विचारलं. साल खिडकीतून टाकत तो म्हणाला, “सांगितलं असतं तर कामाला कोन आला असता? तू?”

मावशी अजून त्याच्या नावाने बोटं मोडते. मला ते जमत नाही. माझा श्वास चालू आहे तो त्या माणसाने माझा पाय मोडला म्हणून. झोपेत दचकून उठलो की आधी नाकाशी हात नेतो, कसला तरी वास येतोय ना हे बघायला. आला की त्या वासाला हात जोडतो.

पाय वाकडा जुळला. मुकादमाने मला वर दोरी धरायचं काम दिलं आणि गावाकडची पोरं बोलवायला लावली. चार आली. जेवायला बसलो तेव्हा मी त्यांना नाकाचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावर निघायला जमतो त्या नाक्यावर एकही पोरगा नव्हता.

संध्याकाळी मुकादम बदलापुरात हेंद्रेपाड्याला माझ्या खोलीवर आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला.

“यासाठी वाचवला होता तुला?”

मी म्हटलं, “वाचलो म्हणून तर सांगता आलं, मुकादम.”

त्याने माझ्या वाकड्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, उद्यापासून कामावर येऊ नको. जिना उतरायला लागला आणि अर्ध्यात थांबला.

“आनि गावाकडनं कोनाला आता बोलवू नको. मी सांगितलं तरी,” म्हणाला.