उडदाचा एक दाणा

उमरग्याच्या मोंढ्यात माझं कडधान्याचं दुकान आहे. उडीद लोक डाळीला नेतात, पापडाला नेतात, शनिवारी मारुतीला वाहायला नेतात. माणूस ठेवायचा की नाही हे ठरवायला उडीद नेणारं गिऱ्हाईक मात्र एकच, ब्रदर शांतलिंग.

हायवे सोडून आत गेलं की त्यांचा कॅथलिक मठ लागतो. मोजके संन्यासी, एक विहीर, पपईची बाग. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला पण घरातली नावं तशीच राहिली, म्हणून गळ्यात क्रूस आणि नाव शांतलिंग. एसटीचे कंडक्टर त्यांना लिंगायतांचे जंगम समजून नमस्कार करतात, अप्पा म्हणतात. ते कुणाची चूक दुरुस्त करत नाहीत. मला आधी तो नम्रपणा वाटायचा. नंतर कळलं, निव्वळ थकवा आहे.

मठात नव्यानं येणाऱ्या पोरांना घडवायचं काम त्यांच्याकडं. पहाटेची स्तोत्रं, मौन, मठाचे नियम, बागेतलं काम. मग पोरगं ईशज्ञान, म्हणजे त्यांचं धर्मशास्त्र, शिकायला बेंगळुरूला जातं, परत येतं, आणि जन्मभराची व्रतं घेण्याआधी सगळा मठ त्याच्यावर गुप्त मत देतो. चवळीचा पांढरा दाणा म्हणजे राहू द्या, उडदाचा काळा म्हणजे नको. फार जुनी रीत आहे म्हणे. "म्हणजे तुमी बी कौलच लावता की," असं मी चिडवायचो.

पण पोरं व्रतापर्यंत टिकायचीच नाहीत. एकजण सोलापुरात बँकेत लागला, दुसरा लग्न ठरल्याचे पेढे घेऊन आला. वर्षानुवर्षं हा माणूस तेच पहिलं स्तोत्र नव्या गळ्यात बसवायचा, आणि गळा तयार झाला की पोरगं निघून जायचं. दुकानातल्या बाकावर टेकले की अप्पांचे डोळे आपोआप मिटत. बघून माझाच जीव तुटायचा.

"लई शीण आलाय, उमाशंकर," एकदा म्हणाले. "एक जरी टिकला, तर समदं त्याच्या हाती देईन न् दुपारचं निवांत निजंन."

तो एक म्हणजे सिदू. बिदरकडचा, तिशीतला, समजूतदार. ईशज्ञान पुरं करून परत आला, तेव्हा मठानं ठरवूनच टाकलं होतं की व्रतं झाली की नव्या पोरांचं काम सिदू बघेल. अप्पांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला. उन्हाळ्याच्या तोंडाला ते दाणे न्यायला आले, तेव्हा मी स्वतः चवळी निवडून दिली.

"उडीद कशाला नेताय? लागायचा न्हाय ह्या बारीला," मी म्हणालो.

"रीत हाय," एवढंच बोलून त्यांनी दोन्ही पुड्या पिशवीत टाकल्या.

मतदान झालं. सगळी चवळी, आणि एक उडीद. बहुमतानं सिदू पास झाला, पण एक काळा निघाल्याचं त्याच्या कानावर गेलं. तो थेट अप्पांच्या खोलीत गेला.

"अप्पा, कुणी टाकला असंल?"

"म्या," अप्पा म्हणाले.

हे मला त्यांनीच सांगितलं. मत गुप्त ठेवायचं असतं, पण ज्याला हातानं घडवलं त्याच्याशी खोटं बोलवेना. झालं होतं असं की, थोडे दिवस आधी दोघं विहिरीवरची मोटार खोलून बसले होते. अप्पांनी सहज विचारलं, तुला इथं राहावं का वाटतं? सिदू पान्ह्यावरची नजर न काढता म्हणाला, "इतकी वर्सं गेली, अप्पा. आता कुठं जाऊ?"

काळा दाणा त्या वाक्यासाठी होता, हेही अप्पांनी त्याला सांगून टाकलं. सिदू लहान पोरासारखा रडला, अप्पांचे पाय धरले, आणि आठवड्याच्या आत बिदरची गाडी पकडून गेला. जाताना हसत होता म्हणे.

मला मात्र हसू येईना. अप्पा उरलेले दाणे परत करायला आले, तेव्हा मी भर दुकानात आवाज चढवला.

"तुमाला काय पडली होती? टाकायचा की पांढरा! घरी धाडायला हाच एक सापडला? आता पुन्यांदा नवं पोरगं, पुन्यांदा तेच स्तोत्र. मरंस्तोवर ह्येच करा!"

अप्पांनी पुडी सोडली आणि उडीद माझ्या पोत्यात ओतला. मग बाकावर बसले. ह्या वेळी डोळे मिटले नाहीत.

"म्या बी ह्येच म्हणलं व्हतं," ते म्हणाले. "माझ्या वक्ताला. आता कुठं जाऊ. मला शिकवणाऱ्या फादरला ठावं व्हतं."

"मग?"

"समदे पांढरेच निघाले, उमाशंकर."