बोटीवरचे कपडे

सगळ्यात आधी मी टोपी घेतली. बोटीचं तिकीट नव्हतं, तारीख नव्हती, नवरा यायला तयार नव्हता, आणि मी माळनाक्याजवळच्या हॉलमध्ये लागलेल्या सेलमधून रुंद काठाची, गवती रंगाची टोपी घेऊन घरी आले. रत्नागिरीत असली टोपी घालून बाईमाणसाने जायचं कुठे? मासळी आणायला? भाट्याच्या किनाऱ्यावर ती घालून फिरले असते तर लोकांनी घरी येऊन विचारलं असतं, "काय हो, सगळं बरं आहे ना?" हे मला कळत नव्हतं असं नाही. पण एकदा हातात घेतली ती खाली ठेववेना.

आमचे हे बोटीवर होते. मालाच्या बोटीवर नव्हे, प्रवाशांच्या. ज्यांना आता सगळे क्रूझ म्हणतात त्या. तिथे लॉन्ड्रीत. चादरी, टॉवेल, जेवणाच्या टेबलावरचे रुमाल, पाहुण्यांचे कपडे. वर्षातला बराचसा काळ तिकडे, उरलासुरला इकडे. लग्नानंतर पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा मला म्हणाले होते, "एकदा तुला पाहुणी म्हणून नेणार. वरच्या डेकवर खुर्ची टाकून बसशील." ते वाक्य मी जपून ठेवलं. ते स्वतः विसरले, किंवा विसरल्यासारखं करत राहिले. पुरुषांना हे बरं जमतं.

ते निघायचे त्या दिवसाची आमच्या घरात एक रीत होती. ती सासूबाईंची. बोटीवर जाणाऱ्या माणसाने रडवेली बायको बघून निघू नये, नवं कापड बघून निघावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या दिवशी मी नव्या साडीची घडी मोडायची. दुकानातून आणलेली साडी जपून ठेवायची आणि पहिल्यांदा नेसायची ती त्याच दिवशी, तीही इस्त्री न करता. घडीच्या रेघा दिसायला हव्यात. "रेघा दिसल्या की त्याला कळतं, हिने माझ्यासाठी मोडलीन," सासूबाई म्हणायच्या. तेव्हा आमच्याकडे रेल्वे नव्हती, एसटी स्टँडवर सोडायला जायचो. अंगावर करकरणारी नवी साडी. हे खिडकीत बसायचे, एकदा नीट वरपासून खालपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "चांगली आहे गो." एवढंच. गाडी सुटायची. मी घरी येऊन साडी बदलायची, न्हाणीघरात जायची आणि मनसोक्त रडायची. सासूबाई तेवढा वेळ मला हाक मारायच्या नाहीत.

पुढे रेल्वे आली, सासूबाई गेल्या, मुलगा शिकून पुण्याला स्थायिक झाला. रीत मात्र मी चालू ठेवली, स्टँडऐवजी स्टेशनवर.

मग एकदाचे हे कायमचे घरी आले. मला वाटलं, आता आपली पाळी. पेपरात क्रूझच्या जाहिराती यायला लागल्या होत्या. मुंबईहून निघते, समुद्रात फिरवते, परत आणून सोडते. मी पेपर ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, जाहिरात बघितली आणि म्हणाले, "पाणीच बघायचंय ना? चल, मांडवीला जाऊन येऊ."

जळली मेली ती मांडवी! मांडवीचं पाणी बघून मी लहानाची मोठी झाले. मला पाणी बघायचं नव्हतं, मला ह्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं होतं. पण तोंडाने बोलून काही होत नाही हे एव्हाना मला कळलेलं होतं. मी ठरवलं, कपडे तयार ठेवायचे. कपडे तयार असले की माणूस आज ना उद्या निघतोच.

टोपीनंतर राम आळीतल्या नेहमीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, जरा सैल पँट दाखव, कमरेला इलॅस्टिकवाली. ती म्हणाली, "सुनेसाठी का काकू?" म्हटलं, "माझ्यासाठी." तिने माझ्या साडीकडे बघितलं, अंबाड्याकडे बघितलं आणि ढीग काढला. "कुठे जाणार आहात?" मी म्हटलं, "बोटीवर." झालं! आमच्याकडे दुकानात सांगितलेली गोष्ट सगळ्या गावाला सांगितल्यासारखीच. पुढच्या आठवड्यात कोळीण सुरमई कापता कापता विचारते, "वैनी, बोटीवर कधी?" मी म्हटलं, "तारीख ठरायचीय." पुढची कित्येक वर्षं मी हेच उत्तर देत होते. नंतर नंतर लोकांनी विचारणं सोडलं, आणि ते जास्त लागलं मनाला.

पण मी थांबले नाही. दिवाळीच्या सेलला एक लांब, निळा, फुलाफुलांचा ड्रेस. बोटीत चढउतार फार असते असं ऐकलं म्हणून कापडी बूट. वाऱ्याला म्हणून एक पातळ जाकीट. वजन वाढलं तसे आधीचे दोन टॉप बसेनासे झाले, ते बदलून मोठ्या मापाचे घेतले. हे प्रत्येक कपडा दोन बोटांत धरून चोळायचे आणि निकाल द्यायचे. "ह्याचा रंग जाणार." "हा पहिल्या धुण्यात आटणार." कुठे घालणार हे मात्र कधी विचारायचे नाहीत.

एकदा मी फार उत्साहाने एक पांढराशुभ्र सेट आणला. पांढरी पँट, वर पांढरा शर्टासारखा टॉप, खांद्यावर निळ्या पट्ट्या. जाहिरातीतल्या बायका असंच काहीतरी घालून कठड्याला टेकलेल्या असतात. मी तो अंगाला लावून आरशापुढे उभी राहिले, आणि मागे हे असे हसायला लागले की ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

"अगो, हा युनिफॉर्म झाला! असलं पांढरं तिथे काम करणारे घालतात. हे घालून वर गेलीस ना, तर येणारा जाणारा तुझ्याकडे लिंबूपाणी मागेल."

मीही हसले. पण दुकानदार सेट परत घेईना, तो तसाच पडून आहे. त्याहून लक्षात राहिलं ते असं की बऱ्याच दिवसांनी हे बोटीबद्दल आपणहून बोलले होते. म्हटलं, तवा तापलेला आहे तोवर भाकरी टाकून घ्यावी. दुसऱ्याच दिवशी जाऊन मी ह्यांच्यासाठी शर्ट आणला. फिकट निळा, अर्ध्या बाह्यांचा, बारीक पानांची नक्षी. माझ्या निळ्या ड्रेसशेजारी शोभेल असा, बघूनबघून घेतलेला.

ह्यांनी पिशवीतून तो अर्धाच बाहेर काढला. "हे पोरांनी घालायचं."

"बोटीवर चालतं. बोटीवरच घाला."

"मी येणार नाही," हे म्हणाले. सरळ. इतकी वर्षं बघू, पुढच्या वर्षी, गुडघा दुखतोय, असं चाललं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा नाही म्हणाले. मी कारण विचारलं. मला वाटलं, पुन्हा गुडघा सांगणार. पण हे खुर्चीत बसले आणि नीट बोलले.

"माझ्यासाठी बोट म्हणजे खालीच गो. तिच्या पोटात. खिडकी नाही, बाहेर ऊन आहे की अंधार पत्ता नाही. काम नसलं तरी वर जायचं नाही, आम्हाला बंदी. आता तुझ्याशेजारी मी वर जाऊन बसलो, एखादा पोरगा आला, त्याने माझ्या मांडीवर रुमाल टाकलान, तर मला त्या रुमालाची इस्त्रीच दिसत राहील. घास उतरणार नाही माझ्या घशाखाली."

मला ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त संताप आला. "मग माझं काय?" मी म्हटलं. "मी एवढी वर्षं त्या स्टँडवर उभी राहायची ती काय डेपो बघायला?" हे उठले, इस्त्री लावली आणि उशांचे धुतलेले अभ्रे काढून बसले. कायमचे घरी आल्यापासून घरातली इस्त्री तेच करतात, मला हात लावू देत नाहीत. शर्ट मी कपाटात बोटीवरच्या कपड्यांच्या कप्प्यात टाकला, घडी न मोडलेला, कॉलरमधल्या पुठ्ठ्यासकट.

त्यानंतर मी खरेदी बंद केली. कपाटाचा तो कप्पा उघडायचेही नाही.

मग लांज्याहून माझी नणंद आली राहायला. ह्यांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आयुष्यभर काजूच्या कारखान्यात काम केलंन, बोटं अजून काळपट आहेत. जिभेला हाड नाही पण माणूस सोन्यासारखं. आली की माझं कपाट उघडून बघणार, हा तिचा हक्क. आमच्यात नवं कापड आवडत्या माणसाला घडी मोडायला देतात. मी तिला नेहमी देते. तो कप्पा उघडून ती बघतच राहिली.

"अगो बाय, दुकान घातलंस की काय? ह्यातलं एक तरी दे मला घडी मोडायला."

"ते नको. ते बोटीवरचं आहे."

"मग बोट कुठाय?"

माझे डोळे भरून आले, तेही तिच्यासमोर. तिने माझ्याकडे बघितलं, कप्प्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी येतंय तुझ्यासंगती. दादाला ऱ्हाऊदे हितंच."

हे दारातच उभे होते. लगेच म्हणाले, "जा की. दोघी जा."

इतक्या पटकन म्हणाले की मला कानाखाली बसल्यासारखं झालं. मला ह्यांच्याबरोबर जायचं होतं, ह्यांच्या बहिणीबरोबर नव्हे. दोन दिवस मी भांडी आपटली, आमटी खारट केली. पण तिसऱ्या दिवशी मनाशी म्हटलं, टोपी घेऊन किती वर्षं झाली? अजून किती थांबायचं? आणि हो म्हणून मोकळी झाले. बुकिंग ह्यांनीच केलं, दहा ठिकाणी फोन करून, खोलीला खिडकी आहे ना हे चार चार वेळा विचारून.

बॅगही ह्यांनीच भरली. कपडे असे घडी करून रचले की बॅगेत अजून एक माणूस मावला असता. भरताना सूचना चालू. "जेवायच्या हॉलमध्ये गारठा असतो, जाकीट वर ठेवतोय." "उन्हात बसाल तेव्हा पाणी प्या." आणि शेवटी जरा घुटमळून, "ओले टॉवेल कोपऱ्याकोपऱ्यात टाकू नका. एका जागी ठेवा. खालच्याला बरं पडतं."

मी म्हटलं, "चला ना हो." शेवटचं म्हणून विचारलं.

"नाही गो," हे म्हणाले. आवाज मऊ होता, पण नाही ते नाहीच.

निघायच्या दिवशी सकाळी मी टोपी काढायला कप्पा उघडला तर शर्ट जागेवर नाही. मला वाटलं, देऊन टाकलान कोणाला तरी. माझं डोकंच फिरलं. एवढा निवडून आणलेला, घालायचा नव्हता तर निदान ठेवायचा! भांडायला वेळ नव्हता, रिक्षा दारात आली होती. सामानासकट आम्ही दोघी तीत बसलो. हे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी स्कूटरवरून येतो." म्हटलं, सोडायला तरी बरोबर यायचं होतं. 

गाडी आली, आम्ही चढलो, सामान बाकाखाली सारलं. ह्यांचा पत्ता नाही. मी खिडकीच्या गजाला नाक लावून बघतेय. आणि जिन्यावरून हे आले, हळूहळू, गुडघा सांभाळत. अंगात तो फिकट निळा शर्ट.

"अगो वैनी, दादा बघ!" नणंद हसायला लागली. "काय रे दादा, लोकांचे कपडे जन्मभर इस्त्री केलेस आणि स्वतःचा शर्ट तसाच? घड्या दिसतायत सगळ्या!"

दिसत होत्या. छातीवर उभ्या, पोटावर आडवी, पुठ्ठ्यावर दुमडलेल्या सगळ्या रेघा. ह्या माणसाने घरात कधी उशीचा अभ्रासुद्धा सुरकुतलेला ठेवला नाही. नणंदेला आईची ती रीत माहीत नव्हती. ती आमच्या आधीच लग्न होऊन लांज्याला गेलेली, कधी स्टँडवर आली नव्हती.

हे खिडकीखाली येऊन उभे राहिले. डोळे लाल झाले होते, आणि तरी ताठ उभे, मी उभी राहायचे तसेच. जाणाऱ्याचं सोपं असतं असं मी जन्मभर समजत आले होते. खिडकीच्या आत बसलेल्याचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

गाडी हलली. मी ह्यांना वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"चांगला आहे हो," मी म्हटलं.